रिळाचं हँडल कोणत्या बाजूला?

दाभोळच्या धक्क्यावर भरती चढायला लागली की गरवणाऱ्यांची, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांची, रांग लागते. समोरून धोपाव्याची फेरीबोट येते, तिच्या लाटांनी सगळ्यांच्या लायनी हलतात आणि तेवढ्यापुरते सगळे गप्प होतात. गेल्या पावसाळ्यानंतरच्या अशाच एका संध्याकाळी माझ्या शेजारी चिपळूणहून आलेला एक पोरगा उभा होता. नवा कोरा रॉड, नवं कोरं स्पिनिंग रीळ, म्हणजे रॉडवर बसवायचं लाईन गुंडाळायचं यंत्र. फक्त त्याने रॉड उलटा धरला होता. जे रीळ रॉडखाली लोंबायला हवं ते वर आलेलं, आणि लाईन ज्यांतून जाते त्या रॉडच्या रिंगा आभाळाकडे.

असं का, विचारलं तर म्हणाला, "काका, हँडल डाव्या बाजूला दिलंय. मी उजवा. असं धरलं की उजवीकडे येतं."

येतं खरं. पण लाईन टाकून तो हँडल पुढे फिरवायला गेला तर ते फिरेना. त्याने जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला, मग हँडल भलतंच सहज फिरायला लागलं, दोन-चार वेढ्यांत सुटून हातात आलं, ओल्या बोटांतून सटकलं, दगडावर टणकन वाजलं आणि खाडीत गेलं. पोरगा पाण्याकडे बघतच राहिला. "डुप्लिकेट निघालं वाटतं," एवढंच बोलला.

डुप्लिकेट नव्हतं. रीळ जसं वागायला हवं तसंच वागलं होतं. दुकानातून आल्या आल्या दोन मिनिटांत ते हँडल उजवीकडे बसवता आलं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि नंतर बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की धक्क्यावर पाच-सहा वर्षं गरवणाऱ्यांनाही हे धड माहीत नसतं.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. रिळाच्या खोक्यावर 'लेफ्ट हँड' लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ 'डावखुऱ्या माणसासाठी' असा नसतो. हँडल डाव्या बाजूला आहे, म्हणजे लाईन डाव्या हाताने गुंडाळायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. डाव्या हाताने गुंडाळायचं म्हणजे रॉड उजव्या हातात, म्हणजे हे रीळ बहुतेक वेळा उजव्या माणसाच्या कामाचं. माझा एक डावखुरा मित्र ऑनलाइन मोठ्या हौसेने 'लेफ्ट हँड' मागवून बसला होता. आपल्यासाठी कुणीतरी खास बनवलंय, या आनंदात. त्यामुळे 'मी उजवा की डावा' हा प्रश्न बाजूला ठेवा. रॉड कोणत्या हातात राहणार, हा प्रश्न विचारा. हँडल त्याच्या उलट बाजूला.

स्पिनिंग रीळ कारखान्यातून येतं तेव्हा हँडल सहसा डावीकडेच असतं, त्याचं कारणही हेच. उजवा माणूस उजव्या हाताने रॉड धरतो, तर्जनीने लाईन अडवतो, बेल, म्हणजे लाईन पकडणारी तारेची कमान, उघडतो, फेकतो. गळ पाण्यात पडल्यावर रॉड हातातून हलवायची गरजच पडत नाही. डावा हात मोकळाच असतो, तो हँडलवर जातो. हँडल उजवीकडे असलं तर प्रत्येक फेकीनंतर रॉड या हातातून त्या हातात घ्यावा लागेल. संध्याकाळभरात शंभरदा फेकलं तर शंभरदा. आणि गळ पाण्यात पडतानाच मासा झोंबला, तर तुमचा रॉड नेमका दोन हातांच्या मध्ये कुठेतरी.

आता रिळाच्या पोटात काय आहे ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

स्पिनिंग रिळात स्पूल, म्हणजे लाईन ज्यावर भरलेली असते ते बॉबिन, लाईन गुंडाळण्यासाठी स्वतः फिरत नाही. भोवऱ्याला जाळी गुंडाळताना भोवरा एका हातात स्थिर असतो आणि दुसरा हात त्याच्याभोवती फिरतो, तसं इथे बेल लावलेला रोटर स्पूलभोवती फिरतो आणि लाईन गुंडाळत जातो. फेकताना मात्र काहीच फिरत नाही, लाईन स्पूलच्या तोंडावरून वेढे सोडत निघून जाते. ही कल्पना आली कापडाच्या धंद्यातून. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांमधले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली अशा रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिनवरून सूत सरसर सुटताना रोज बघणाऱ्या माणसाला हे सुचावं, यात नवल नाही.

त्या रोटरला फिरवणारा मोठा गिअर रिळाच्या पोटात आडवा बसलेला असतो. त्याचा दांडा पोकळ असतो आणि रिळाच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत आरपार जातो. दोन्ही बाजूंना त्याचं तोंड उघडं. हँडल म्हणजे या पोकळ दांड्यात घातलेली किल्ली. ती डावीकडून घाला की उजवीकडून, आत फिरतो तो तोच गिअर, आणि तुम्ही हँडल पुढच्या दिशेने फिरवलंत तर दोन्ही वेळा तो एकाच दिशेने फिरतो. रोटरची दिशा बदलत नाही, लाईनचा पीळ बदलत नाही, ५.२ ला १ चा गिअर (हँडलच्या एका वेढ्यात रोटरचे ५.२ वेढे) असेल तर तो तेवढाच राहतो. म्हणून बाजू बदलल्यावर लाईन काढून परत भरायची गरज नाही. कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

हँडल दांड्यात अडकवायच्या मात्र दोन तऱ्हा आहेत आणि सगळी गडबड तिथेच होते.

पहिली तऱ्हा आरपार दांड्याची. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या रिळांत ही सर्रास दिसते. हँडलला चौकोनी किंवा षटकोनी सळई असते, ती गिअरच्या पोकळीतून पलीकडे जाते आणि पलीकडून एक झाकणवजा स्क्रू तिला घट्ट धरतो. इथे हँडलला हातच लावायचा नाही, विरुद्ध बाजूचं झाकण फिरवून काढायचं. झाकण निघालं की हँडल सरळ बाहेर ओढलं जातं. दुसऱ्या बाजूने सरकवा, चौकोन चौकोनात बसला की नाही ते जरा हलवून बघा, आणि रिकाम्या बाजूला झाकण लावा. झालं. झाकणाचे आटे बहुतेक रिळांत नेहमीसारखे असतात, काहींत उलटे. त्यामुळे ढिलं होत नसेल तर पकडीने पिळू नका, आधी हलक्या हाताने उलटीकडे फिरवून बघा. झाकणावर खाच असेल तर जुनं नाणं स्क्रूड्रायव्हरपेक्षा बरं चालतं, खाच फाटत नाही. झाकणाखाली एखादी पातळ चकती किंवा रबराची रिंग असली तर ती कुठून निघाली ते लक्षात ठेवा. मी अशी एक चकती गवतात घालवली आणि नंतर वर्षभर ते हँडल खुळखुळत होतं.

दुसरी तऱ्हा आट्यांची. हँडलच्या दांड्यालाच आटे असतात आणि तो थेट गिअरमध्ये पिळून बसतो. महागड्या रिळांत सहसा हीच तऱ्हा. यात खुळखुळ अजिबात नसते, हँडल आणि गिअर एकजीव होतात. पण एक मेख आहे. उजवीकडचं हँडल पुढे फिरवताना, उजवीकडून बघणाऱ्याला ते घड्याळाच्या काट्यांसारखं फिरताना दिसतं. तेच डावीकडे बसवलं आणि डावीकडून बघितलं तर काट्यांच्या उलट. साधे आटे डावीकडे वापरले असते तर मासा ओढता ओढताच हँडल सुटत गेलं असतं. म्हणून डाव्या बाजूचे आटे उलटे ठेवतात. सायकल दुरुस्त केलेल्यांना हे लगेच कळेल, डाव्या पायडलचे आटे असेच उलटे असतात. एकच हँडल दोन्हीकडे चालावं म्हणून त्याच्या दांड्यावर दोन जाडीचे आटे एकापुढे एक पाडलेले असतात, एक सरळ आणि एक उलटे. ज्या बाजूने घालाल त्या बाजूचे आटे पकडतात, दुसरे पोकळीत नुसते बसून राहतात.

हे हँडल काढायचं तर ते मागे फिरवायचं. रीळ उलटं फिरू नये म्हणून आत एकाच दिशेने फिरू देणारा क्लच असतो. तुम्ही हँडल मागे फिरवता तेव्हा क्लच गिअरला जागच्या जागी धरून ठेवतो, आणि गिअर हलत नाही म्हटल्यावर आटे सुटायला लागतात. जुन्या रिळांच्या पोटाखाली हा क्लच बंद करायचा छोटा खटका असतो, तो चालू स्थितीतच ठेवा. पलीकडच्या बाजूचं धुळीचं झाकण काढा, तिथून हँडल घाला आणि पुढे फिरवत बसवा. बसवताना मात्र क्लच मदत करत नाही, सगळं रीळच हँडलबरोबर फिरायला लागतं. म्हणून दुसऱ्या हाताने रोटर धरून ठेवा आणि शेवटचा पाव वेढा जरा घट्ट द्या.

आता त्या पोराचं काय झालं ते बघा. रॉड उलटा केल्यावर डावीकडचं हँडल उजवीकडे आलं, पण त्याबरोबर फिरायची दिशाही उलटली. तशा अवस्थेत लाईन गुंडाळायची तर हँडल स्वतःकडे, मागे फिरवावं लागतं. तो मात्र सवयीने पुढे फिरवत होता. रिळाच्या दृष्टीने तो ते उलटं फिरवत होता. क्लचने गिअर रोखला, त्याने जोर लावला, आटे सुटले. हँडल काढायची जी रीत मी आत्ता सांगितली, अगदी तीच त्याने खाडीच्या काठावर उभं राहून तंतोतंत पार पाडली होती. आरपार दांड्याचं स्वस्त रीळ असतं तर नुसतं अडून बसलं असतं. चांगलं घेतलं म्हणून हँडल गेलं.

उलटा रॉड धरून मागे फिरवत मासे काढणारेही मी बघितलेत. मासा येतो, नाही असं नाही. पण रिंगा वर असल्या की ताणलेली लाईन रॉडच्या अंगावर घासते आणि रॉड वाकतो तो त्याच्या घडणीच्या उलट बाजूला. एखाद्या मोठ्या जिताड्याने हिसका दिला की मग कळतं.

समुद्राच्या माणसांसाठी एक गोष्ट निक्षून सांगतो. बाजू बदलायची असो वा नसो, महिन्यातून एकदा हँडल काढून परत बसवा. खारं पाणी आत शिरतं, सुकतं, मीठ आणि गंज मिळून हँडल आणि गिअर यांची मोट बांधतात. दोन वर्षं न काढलेलं हँडल मग जन्मात निघत नाही. अडकलंच असेल तर गंज सोडवायच्या तेलाचे दोन थेंब सांध्यावर टाका, रात्रभर ठेवा, सकाळी बघा. न निघाल्यास आणखी एक रात्र. पकड, हातोडी, गॅसची शेगडी यांपैकी काही जवळ आणू नका. परत बसवण्याआधी सळईला ग्रीसचा अगदी पातळ थर लावा, पण तो सळईलाच. क्लचच्या रोलरवर ग्रीस गेलं तर ते घसरायला लागतात आणि हँडल मागे झटके मारतं.

बेटकास्टर रिळाचं गणित वेगळं आहे. इथे बाजू बदलता येत नाही. ठाम नाही.

ते रॉडच्या वर बसतं आणि त्यातलं स्पूल रहाटासारखं स्वतः फिरतं, गुंडाळतानाही आणि फेकतानाही. हँडल, त्यामागची चांदणीच्या आकाराची ड्रॅगची (मासा लाईन ओढू लागला की लागणाऱ्या ब्रेकची) चकती, मोठा गिअर आणि त्याला भिडणारा छोटा गिअर हे सगळं एका कुशीत भरलेलं असतं. दुसऱ्या कुशीत फेकताना स्पूल आवरणारा ब्रेक आणि त्याची घुंडी. गिअरचा दांडा आरपार जातच नाही, तो एका बाजूलाच संपतो. पलीकडून किल्ली घालायला भोकच नाही. डावं आणि उजवं बेटकास्टर ही आरशातल्या प्रतिमेसारखी दोन वेगळी यंत्रं आहेत, त्यामुळे विकत घेतानाच ठरवावं लागतं. खुणा ओळखायला सोप्या आहेत. शिमानो कंपनीच्या रिळाच्या नंबरात शेवटी ० असेल तर हँडल उजवीकडे, १ असेल तर डावीकडे, म्हणजे १५० आणि १५१. आबू गार्सियाच्या अँबॅसडरमध्ये ६५०० उजवं, ६५०१ डावं. दाइवा डाव्या रिळाच्या नावात एल हे अक्षर घालते. ऑनलाइन मागवताना या एका आकड्याकडे किंवा अक्षराकडे दहादा बघा. परत पाठवायच्या खटपटीत मोसम निघून जातो.

गंमत म्हणजे स्पिनिंग रिळांतही एकेकाळी असंच होतं. फ्रान्समध्ये बनणारं मिचेल ३०० हे जुन्या लोकांचं लाडकं रीळ, त्याचं हँडल डावीकडे. उजवीकडे हवं तर ३०१ नावाचं वेगळं रीळ घ्यावं लागायचं. आज दोन मिनिटांत होणारं काम तेव्हा दुसरं रीळ घेतल्याशिवाय होत नव्हतं.

बेटकास्टरचं हँडल पूर्वापार उजवीकडे का, याची मुळं अमेरिकेत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकी राज्यातल्या घड्याळजी आणि सोनारकाम करणाऱ्यांनी गिअरची पहिली नाणावलेली रिळं बनवली. त्या घराण्यातली रिळं उजव्या हाताने फिरवायची प्रथा पुढे तशीच चालत राहिली. उजवा माणूस उजव्या हाताने फेकतो, रॉड डाव्या हातात घेतो आणि उजव्याने गुंडाळतो. तिकडच्या कित्येक पिढ्या याच सवयीत वाढल्या, त्यामुळे त्यांना हात बदलल्याचं जाणवतही नाही. डाव्या हँडलची बेटकास्टर आता भरपूर मिळतात. आपल्याकडे ज्याची सुरुवातच स्पिनिंगने झाली आहे त्याने बेटकास्टर घेताना डावंच घ्यावं असं माझं मत आहे. हाताला एकच सवय पुरे.

फ्लायच्या, म्हणजे माशीसारखा हलका नकली गळ फेकायच्या, रिळाबद्दल थोडक्यात, कारण कोकणात ते वापरणारे बोटांवर मोजण्याइतके. ते बहुतेक वेळा बदलता येतं, पण हँडल हलवून नाही. स्पूल काढायचं, आतलं एकाच दिशेने फिरणारं बेअरिंग उपसून पालथं घालायचं. जुन्या कटकट वाजणाऱ्या रिळांत एक खिट्टी उचलायची आणि दुसरी टेकवायची. म्हणजे ड्रॅग लाईन बाहेर जाताना लागतो, गुंडाळताना नाही. इथे मात्र लाईन आणि बॅकिंग, म्हणजे तिच्याखाली भरलेला जोडदोरा, सगळं काढून उलट दिशेने परत भरावं लागतं. वर स्पिनिंगबद्दल 'भरू नका' म्हटलं, ते इथे लागू नाही.

राहिला मूळ वाद, कोणता हात गुंडाळायला बरा. 'उजव्या हातात ताकद जास्त, म्हणून गुंडाळायला उजवाच' हे वाक्य मी धक्क्यावर इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त एक प्रयोग करायला सांगतो. लाईनच्या टोकाला दोन किलोची वाळूची पिशवी बांधा आणि रॉड आडवा धरून नुसतं हँडल फिरवून ती अंगणातून ओढून बघा. रीळ कण्हायला लागतं. मग रॉड वर उचलून पिशवी जवळ आणा, आणि रॉड खाली नेताना जेवढी लाईन ढिली झाली तेवढीच गुंडाळा. पिशवी निमूट येते. मासाही असाच येतो. ओढतो तो रॉड, रीळ फक्त मागून सैल दोरा गोळा करतं. ताकदीचं काम रॉडच्या हाताला आहे, माशाने तोंड हलवलं तर तेही त्याच हाताला आधी कळतं. ताकदवान आणि हुशार हात तिथे हवा.

तरीही हाच नियम सगळ्यांनी पाळावा असं नाही. मला तीन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचं फ्रोझन शोल्डर झालं. आठ महिने उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तेव्हा दोन्ही स्पिनिंग रिळांची हँडलं उजवीकडे बसवली आणि डाव्या हाताने फेकायला शिकलो. पहिल्या आठवड्यात गळ कधी मागच्या माडाच्या झावळ्यांत, कधी शेजाऱ्याच्या लाईनवर. शिव्या खाल्ल्या. महिनाभराने डावा हात सरळ फेकायला लागला, आणि खांदा बरा झाल्यावर हँडलं परत डावीकडे आली. त्या आठ महिन्यांत दाराशी लटकवलेलं माझं बेटकास्टर मात्र तसंच लटकत राहिलं, कारण ते डावं होतं आणि त्याला दुसरी बाजूच नव्हती.

बाजू बदललीत तर सुरुवातीला एक गोष्ट हमखास होते. हँडल फिरवताना रॉडचं टोकही त्याच लयीत गोल गोल फिरतं, कारण नवा हात हँडल फिरवायच्या ऐवजी अख्खं रीळ हलवत असतो. रॉडचा मागचा दांडा कोपराखाली हाताला टेकवून धरा आणि हँडलची मूठ चिमटीत धरा, पंज्यात नाही. घरी गळ न लावता, लाईनच्या टोकाला एक शिसं बांधून, व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ते ओढत राहा. फरशीवर शिशाचा एकसारखा सूं आवाज आला तर हात बसला. खडखड, थांबा, खडखड असं झालं तर अजून नाही.

त्या पोराने त्या संध्याकाळी लाईन हातानेच गोळा केली, आपले आजोबा बाटलीला दोरा गुंडाळून गरवायचे तशी, मुठीमागून मूठ. टोकाला वीतभर शिंगाळा होता. काटा बोटात घुसेल म्हणून मीच तो पायाखाली दाबून गळ सोडवला. हँडल त्याला त्याच मॉडेलचं सुटं मिळालं, पंधरा दिवसांनी. ते डावीकडेच बसवलंय.